स्टार्टर नुसता 'टक्' करतो, इंजिन फिरत नाही: माझा अनुभव

किल्ली फिरवली की एकच 'टक्'. पाच-सहा प्रयत्नांत एकदा गाडी सुरू. टर्मिनल घासले, नवी बॅटरी घातली (पैसे पाण्यात). वैताग आला.

मग मल्टिमीटर काढला. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बायको किल्लीवर. बॅटरी १२.६ व्होल्ट, 'टक्' झाल्यावरही १२.४, म्हणजे स्टार्टर मोटर करंट ओढतच नव्हती. किल्ली फिरवलेली असताना सोलेनॉइडच्या (बॅटरीचा करंट मोटरला जोडणारा, मोटरवरचाच स्विच) बारीक वायरला १२, बॅटरीकडच्या जाड बोल्टलाही १२, मोटरकडच्या बोल्टला शून्य. म्हणजे सोलेनॉइडच्या आतले, करंट जोडणारे कॉन्टॅक्ट गेलेले.

मोटर विकत घेण्याआधी कंपनीच्या साइटवर १७ अक्षरी चासी नंबर टाकला: स्टार्टरचा रिकॉल (दोष असलेला भाग कंपनीनेच बदलून देणं) बाकी! सर्व्हिस सेंटरला जॉब कार्डावर 'रिकॉल' लिहून घेतलं, मोटर फुकट बदलली. जुनी उघडून दाखवली. कॉन्टॅक्ट जोडणारी तांब्याची चकती एका बाजूने काळी, खड्डे पडलेली.