आरव्ही, नवरा आणि ३३४ मैल: पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन सायकलने कसं जायचं

"तू सायकल चालव, मी मागून आरव्ही घेऊन येतो." (आरव्ही म्हणजे आत राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी.) ऐकायला फार गोड वाटतं, पण त्यातला 'मागून' हा शब्द आधी काढून टाका. पिट्सबर्ग ते कंबरलँड १५० मैल ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज, म्हणजे जुना रेल्वेमार्ग, आणि तिथून वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपर्यंत १८४.५ मैल सी अँड ओ कालव्याचा टोपाथ, म्हणजे पूर्वी खेचरं काठाने चालत बोटी ओढायची ती वाट. दोन्हीवर गाड्यांना बंदी. आरव्ही डोंगराला वळसा घालून भलतीकडूनच येते. मी हे तीनदा केलंय, तिन्ही वेळा नवरा गाडीवर, आणि पहिल्या वेळी लोकांचे सल्ले ऐकून आम्ही जे काही केलं ते तुम्ही करू नये म्हणून हे लिहितेय.

सोपं आधी उरकते. गाडी २४-२५ फुटी क्लास सी (व्हॅन-ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली आरव्ही) घ्या, मोठी नको. भाड्यात किती मैल आणि जनरेटरचे किती तास येतात ते विचारून घ्या. सायकलचे टायर ४० एमएम, बाकी फ्रेम कार्बन की स्टील यावर लोकांना भांडू दे. मे नाहीतर ऑक्टोबर, कारण बिग सॅव्हेज बोगदा हिवाळाभर दारं लावून बंद असतो आणि वळसा घालायचा म्हटलं तर डोंगरातले गाडीरस्ते आहेत. ऑक्टोबरचे वीकेंड कॅम्पग्राउंडला आधीच भरतात. दिशा पिट्सबर्गकडूनच, त्या बाजूचा चढ इतका हळू आहे की कळतच नाही, २,३९२ फुटांवर ईस्टर्न कॉन्टिनेन्टल डिव्हाइड, म्हणजे पाण्याची दिशा बदलणारा डोंगरमाथा, आला की कंबरलँडपर्यंत जवळजवळ २४ मैल नुसता उतार. रोज ४०-४५ मैल धरा, आठ दिवसात आरामात होतं.

आता खरा त्रास. भेटायचं कुठे?

पहिल्या ट्रिपला मी सकाळी म्हणाले, "दुपारी हार्पर्स फेरीला भेटू." नकाशावर वाटेला लागूनच नाव आहे ना. पण गाव वेस्ट व्हर्जिनियात, पोटोमॅक नदीच्या पलीकडे, आणि टोपाथ आख्खा अलीकडे मेरीलँडमध्ये. मधे रेल्वेपुलाला चिकटलेला पायपूल आहे, त्यावर चढायला लोखंडी गोल जिना. मी पुलाखाली पाऊण तास वाट बघितली, फोनला रेंज नाही, मग सायकल खांद्यावर घेतली आणि त्या जिन्याने वर गेले, प्रत्येक वळणावर पेडल कठड्याला अडकत होतं आणि हेल्मेट कपाळावर येत होतं. आणि नवरा? तो वर टेकडीवरच्या पार्कच्या पार्किंगमध्ये तासभर थांबून कंटाळला, 'ही खालीच असणार' म्हणून गाडी काढून ३४० नंबरच्या हायवेने पूल ओलांडून मेरीलँडला गेला. तो इकडे, मी तिकडे. दोन तास गेले. पोळीचा रोल त्याच्याकडे, माझ्याकडे अर्धी बाटली पाणी. संध्याकाळी जे भांडण झालं ते सांगत नाही.

तेव्हापासून गावाचं नाव घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे. पॉ पॉ, शेफर्ड्सटाउन, सगळ्यांची तीच कथा, नाव नकाशात वाटेजवळ आणि गाव नदीपार, पूल कुठेतरी एखादाच, तो चुकला तर गाडीला पुढचा पूल लांब पडतो. त्यापेक्षा मैल सांगा. दोन्ही वाटांवर मैलाचे खांब आहेत आणि वॉशिंग्टनकडे जाताना आकडे उतरत जातात, आधी १५० ते ०, मग १८४ ते ०. "मैल १२४, हॅनकॉक, नदीच्या अलीकडे" हे असं बोलायचं. माझे आवडते थांबे हॅनकॉक १२४, विल्यम्सपोर्ट ९९, ब्रन्सविक ५५ आणि पॉइंट ऑफ रॉक्स ४८, चारही मेरीलँडमध्येच. पॉ पॉला भेटायचंच असेल तर गावात नाही, ५१ नंबर रस्त्यावर टोपाथवरच्या पॉ पॉ बोगद्याचं पार्किंग आहे तिथे. (बोगदा ३,११८ फूट लांब, आत मिट्ट काळोख, दिवा लावा आणि सायकल हातात धरून चाला.)

मैल ठरला की आदल्या रात्री कॅम्पग्राउंडचं वायफाय असेपर्यंत सॅटेलाइट व्ह्यूमध्ये ते पार्किंग उघडून बघा, गाडी आत गेल्यावर वळेल का? टोपाथकडे उतरणारे काही रस्ते रेल्वेखालून जातात, अरुंद आणि बुटके, आणि कारचा जीपीएस तुम्हाला बिनधास्त तिथे घालतो. आमच्या गाडीची उंची छतावरच्या एसीसकट जवळजवळ १२ फूट होती. फूट-इंचात मोजून मास्किंग टेपवर मार्करने लिहा आणि टेप ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर चिकटवा. पुलाखाली ब्रेक मारून 'किती होती गं आपली उंची' विचारायला मी तिथे नसते.

चुकामूक झाली तर काय, हेही आधीच ठरवून ठेवा. सायकलवाली कधीही उलटी जात नाही, पंक्चर झालं तरी ढकलत पुढेच. गाडी ठरलेल्या मैलावरून हलत नाही. एक तास उलटला की नवरा काचेवर वेळ टाकून चिठ्ठी लावतो आणि रॅकवरची स्वतःची सायकल काढून वाटेने उलटा माझ्याकडे येतो. गाडीने शोधायचं नाही, कारण गाडीरस्ता आणि वाट एकमेकांना दिसतच नाहीत! त्याची ती जुनी सायकल म्हणजे या सगळ्या प्लॅनमधली सगळ्यात कामाची वस्तू आहे.

आणि भेटी कमी ठेवा. दर दहा मैलांवर भेटा असं जे सांगतात त्यांनी आरव्ही चालवलेली नसावी. ती कार नाही, एकदा वीज-पाणी जोडलं की हलवायच्या आधी सगळं सोडवा, कपाटं बंद करा, गॅस बघा, अर्धा तास जातो. दुपारी एक भेट आणि संध्याकाळी एक, मधे त्याला त्याचा दिवस असू दे. माझा नवरा लायब्ररीत बसून येतो, वाणसामान आणतो, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करतो, दुपारी गरम खिचडी असते.

'गाडी आहे ना, मग रिकामी जा' हाही सल्ला फेकून द्या. गाडी दोन तास लांब असू शकते. दोन ट्यूब, पंप, पावसाचं जॅकेट, दिवा, दोन बाटल्या पाणी, चार लाडू एवढं सायकलवर पाहिजेच. पाऊस झाला की टोपाथ म्हणजे नुसता राडा, मडगार्डमध्ये चिखल अडकून चाक फिरेनासं होतं. अशा वेळी हॅनकॉकच्या दोन्ही बाजूंना समांतर जाणारा वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल पकडा, २८ मैल डांबरी. फक्त वाट बदलताय हे सकाळीच सांगून ठेवा, नाहीतर तो उलटा येईल टोपाथने आणि तुम्ही शेजारून निघून जाल.

शेवटच्या दिवशी आरव्ही जॉर्जटाउनात नेऊ नका, लावायला जागा नाही. कॉलेज पार्ककडच्या कॅम्पग्राउंडवर ठेवा, नवऱ्याने मेट्रोने यायचं, परत जाताना सायकलही मेट्रोत चालते. शून्य मैलाचा दगड बोटहाउसच्या मागे लपलाय, रॉक क्रीक नदीला मिळतो तिथे. 'जॉर्जटाउनला भेटू' असं म्हणू नका, पिन पाठवा.