जुन्या कॅम्पर व्हॅनमधील उपकरणे लीझर बॅटरीवर घेताना या चुका टाळा

जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये दिवे, पाण्याचा पंप, रेडिओ आणि पंखा पुष्कळदा इंजिनाच्याच बॅटरीवर चालत असतात, आणि मुक्कामाच्या दुसऱ्या सकाळी सेल्फ मारला की नुसती टकटक ऐकू येते. इंजिनाच्या बॅटरीच्या प्लेट पातळ असतात, कारण काही सेकंदांपुरता प्रचंड करंट देणे एवढेच तिचे काम असते. लीझर बॅटरीच्या प्लेट जाड असतात आणि तासन् तास थोडा थोडा करंट पुरवण्यासाठी ती बनवलेली असते. त्यामुळे राहण्याच्या भागातील उपकरणे तिच्यावर घेणे योग्यच आहे. परंतु या कामात जे बिघडते, त्याचे मूळ सहसा बॅटरीत नसून आपल्या हिशेबातून सुटलेल्या एखाद्या वायरीत असते.

सर्वांत घातक चूक म्हणजे नवा पुरवठा जोडणे आणि जुना तसाच राहू देणे. माझ्या व्हॅनमध्ये मी छताच्या दिव्यापर्यंत लीझर बॅटरीची वायर आणून जोडली, दिवा लागला, आणि काम झाले असे समजून पक्कड खाली ठेवली. फ्यूज बॉक्समधून येणारी मूळ वायर मात्र दिव्याला जोडलेलीच होती. म्हणजे दोन्ही बॅटऱ्या, मधल्या रिलेला (इंजिन चालू असतानाच त्यांना जोडणाऱ्या स्वयंचलित स्विचला) वळसा घालून, दिव्याच्या त्या बारीक वायरीतून एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. पुढे एकदा इंजिनाची बॅटरी उतरलेली असताना सेल्फ मारला, तेव्हा स्टार्टरने जमेल तेवढा करंट त्या वायरीतूनही ओढला. डॅशबोर्डमागून आधी वास आला आणि मग धूर. नंतर वायर बाहेर काढली, तर तिचे आवरण मेणासारखे चकचकीत होऊन शेजारच्या दोन वायरींना चिकटले होते.

म्हणून प्रत्येक उपकरणाची जुनी वायर जिथून निघते तिथेच, म्हणजे फ्यूज बॉक्समध्ये, सोडवावी आणि तिचे टोक झाकून ठेवावे. त्यानंतर दोन तपासण्या कराव्यात. लीझर बॅटरी पूर्ण सोडवून उपकरण चालू केले असता ते बंदच राहिले पाहिजे. मग लीझर बॅटरी जोडून, इंजिनाच्या बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प काढून, चार्जर आणि सोलर बंद ठेवून, मोकळ्या पॉझिटिव्ह क्लॅम्पवर मीटर लावावा. तिथे व्होल्टेज दिसले, तर कुठेतरी चोरवाट शिल्लक आहे. इंडिकेटर, हॉर्न, वायपर आणि ब्रेकचे दिवे मात्र इंजिनाच्या बॅटरीवरच राहू द्यावेत.

रेडिओ याच कारणाने फसवतो. त्याला सहसा दोन पॉझिटिव्ह वायरी असतात. लाल वायर किल्लीबरोबर फक्त ‘चालू हो’ एवढा इशारा देते, तर बहुतेक रेडिओंमध्ये खरा भार पिवळी वायर वाहते. अनेक जण लाल वायर लीझर बॅटरीवर घेऊन निश्चिंत होतात आणि रात्रभर गाणी इंजिनाच्याच बॅटरीवर वाजत राहतात. काही जुन्या गाड्यांत या दोन वायरींच्या जागा कनेक्टरमध्ये उलट असतात. किल्ली काढताच रेडिओ लावलेली स्टेशने विसरत असेल, तर रेडिओला दोष देण्याआधी हे पाहावे.

माझ्या प्रसंगात फ्यूज का उडाला नाही, हा प्रश्न रास्त आहे. नव्या बाजूला मी फ्यूज बसवलाच नव्हता, आणि जुन्या बाजूला आधीच्या कुणीतरी काचेच्या ३५ अँपिअरच्या फ्यूजऐवजी पात्याचा ३५ अँपिअरचा फ्यूज घातला होता. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर छापलेला आकडा तो कितीवर उडतो हे सांगतो, आणि सतत वाहण्याची त्याची क्षमता साधारण त्याच्या निम्मी, म्हणजे १७ अँपिअर असते. पात्याच्या फ्यूजवरचा आकडा मात्र सतत वाहण्याचा असतो. फ्यूज उपकरणासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून शक्यतो २० सेंटिमीटरच्या आत हवा. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या केबलला तर दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण ती केबल मध्येच घासून बॉडीला टेकली तर दोन्ही बाजूंनी करंट येतो.

वायरीची जाडी ठरवताना फक्त ‘गरम होत नाही ना’ एवढे पाहणे पुरेसे नसते. फ्रिज १० अँपिअर घेतो आणि बॅटरी ६ मीटर दूर आहे असे धरा; जाऊन येऊन १२ मीटर तांबे होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत यामुळे सुमारे ०.८४ व्होल्ट वाटेतच जातात, तर ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.३५ व्होल्ट. बॅटरीवर १२.२ व्होल्ट असताना पहिल्या वायरीच्या टोकाला जेमतेम ११.४ पोहोचतात, आणि कंप्रेसरचा फ्रिज सुरू होताना जादा करंट मागतो तेव्हा तेही टिकत नाहीत. मग फ्रिज मध्येच बंद पडतो आणि बॅटरी खराब झाली असा निष्कर्ष निघतो. गॅसवरही चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज १२ व्होल्टवर इतका करंट सतत खातो की १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा निम्मा साठा पाच तासांत संपतो. त्याला अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) ‘डी प्लस’ टोकावरून चालणारा रिले द्यावा, म्हणजे तो इंजिन चालू असतानाच विजेवर चालेल.

अर्थिंगबाबत तर जुन्या गाडीवर विश्वासच ठेवू नये. रंगावर किंवा गंजावर घट्ट केलेला बोल्ट मीटरला १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. भार पडताच तो जोड कोसळतो. म्हणून उपकरण चालू ठेवून, मीटरचे एक टोक उपकरणाच्या निगेटिव्हला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे. ०.२ व्होल्टहून अधिक दिसले, तर जागा पत्रा चमकेपर्यंत घासून नवा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची बोल्टखाली बसणारी धातूची कडी, बसवावा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी पट्टीही याच वेळी तपासावी. ती कुजलेली असेल, तर स्टार्टरचा करंट परतीची वाट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून शोधतो आणि ती केबल तापते. फार जुन्या काही गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह टोक जोडलेले असते, हे आधीच पाहून घ्यावे.

लग क्रिंपिंग करूनच, म्हणजे वायरीवर पकडीने दाबूनच, बसवावेत, कारण सोल्डर वायरीत शिरून तिला ताठ करते आणि हादऱ्यांनी ती नेमकी तिथेच तुटते. घरगुती वायरिंगची एकसंध तार वापरू नये. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी स्फोटक ठरतो. त्यामुळे बॅटरीच्या पेटीची नळी थेट बाहेर काढावी आणि गॅसच्या टाकीच्या कप्प्यात बॅटरी कधीही ठेवू नये. लिथियम बॅटरी साध्या रिलेवर जोडल्यास ती जुना अल्टरनेटर क्षमतेच्या टोकापर्यंत राबवते. तिला अल्टरनेटरकडून घेतला जाणारा करंट मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जरच हवा.

रिले सतत टिकटिक करत असेल, तर लगेच नवा आणू नये. व्होल्टेजवर चालणारा रिले साधारण १३.३ व्होल्टला जुळतो आणि १२.८ च्या आसपास सुटतो. उतरलेली लीझर बॅटरी जुळताक्षणी मोठा करंट ओढते, सैल लग किंवा बारीक केबल यांमुळे रिलेपाशी व्होल्टेज पडते, रिले सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येते आणि चक्र सुरू होते. अल्टरनेटरपासून रिलेपर्यंतचा एकेक जोड भाराखाली मोजत गेल्यास दोषी जोड सापडतो.

सगळे नीट करूनही इंजिनाची बॅटरी आठवड्यात उतरत असेल, तर किल्ली काढून, दारे बंद करून, निगेटिव्ह क्लॅम्प आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर अँपिअरच्या पट्टीवर जोडावा. त्या अवस्थेत सेल्फ मात्र चुकूनही मारू नये. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. त्याहून जास्त आकडा दिसला, तर एकेक फ्यूज काढत जावे, आणि ज्या फ्यूजवर आकडा खाली पडतो त्याच्या वायरीमागे शेवटपर्यंत जावे. बहुधा ती लीझर बॅटरीवर हलवली असे आपण धरून चाललेलीच एखादी वायर निघते.