उपग्रहाच्या नकाशावरून गावाचा सौर आराखडा करताय? या चुका टाळा

विदर्भातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला आज आपल्या हद्दीतल्या छतांचा नकाशा फुकट मिळू शकतो. गूगलच्या 'ओपन बिल्डिंग्ज' या माहितीसंचाच्या २०२३ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत आफ्रिका, दक्षिण व आग्नेय आशिया आणि लॅटिन अमेरिका मिळून १८० कोटी इमारतींच्या बाह्यरेषा आहेत. ५० सेंटिमीटर बारकाव्याच्या उपग्रह चित्रांवरून एआय मॉडेलने त्या आखल्या आहेत. मायक्रोसॉफ्टचाही असाच खुला संच आहे. छतांची बेरीज करायची, १ किलोवॉटला १० चौरस मीटर असा भागाकार करायचा, की गावाची सौर क्षमता हाती येते. हिशेब सोपा आहे, म्हणूनच तो न तपासता ठरावाला जोडला जातो. तसं होऊ नये म्हणून नेहमी दिसणारी लक्षणं आणि त्यांची कारणं इथे मांडतो.

क्षेत्रफळ सरसकट फुगलंय

तुमचं क्षेत्रफळ साधारण १५ टक्क्यांनी जास्त येत असेल तर दोष बहुधा प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या रीतीचा असतो. वेब नकाशांचं नेहमीचं प्रक्षेपण (ईपीएसजी ३८५७) विषुववृत्तापासून दूर जावं तसं क्षेत्र फुगवतं, आणि नागपूरच्या अक्षांशावर ही फुगवण सुमारे १५ टक्के होते. क्यूजीआयएस या मोफत नकाशा सॉफ्टवेअरमध्ये मोजणी करण्याआधी छतांचा थर यूटीएममध्ये बदलून घ्या; या प्रक्षेपणात पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजतात. गूगलच्या संचात प्रत्येक इमारतीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये दिलेलंच असतं, त्याच्याशी ताडून पाहा.

इथे विदर्भाची एक खास अडचण आहे. यूटीएमचे ४३ आणि ४४ हे पट्टे ७८ अंश पूर्व रेखांशावर एकमेकांना भिडतात आणि तो रेखांश विदर्भातूनच जातो. बुलढाणा, अकोला, वाशीम ४३ मध्ये. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. यवतमाळ जिल्हा दोन्हीत विभागलेला: पुसद ४३ मध्ये, वणी ४४ मध्ये. ४३ च्या थराला चुकून ४४ चा क्रमांक दिला, तर पुसदची घरं ओडिशात जाऊन बसतात.

घरं फक्त काही मीटर सरकलेली दिसत असतील तर घाबरू नका. पार्श्वभूमीचं चित्र आणि बाह्यरेषा ज्यावरून काढल्या ते चित्र वेगवेगळं असू शकतं. पाण्याची टाकी, ग्रामपंचायत, शाळा अशा ठळक खुणा पाहा. सगळ्या एकाच दिशेला सरकल्या असतील तर अख्खा थर सरकवा, एकेक घर ओढत बसू नका.

गावातली घरं नकाशात नाहीत

माझ्या मते सगळ्यात गंभीर चूक ही आहे, कारण यात नेमकी गरिबांची घरं गळतात.

गूगलच्या संचात प्रत्येक बाह्यरेषेला विश्वासांक (ती खरंच इमारत आहे याची मॉडेलला किती खात्री, तो आकडा) असतो आणि तो ०.६५ पासून सुरू होतो. नकाशा नीटस दिसावा म्हणून बरेच जण फक्त ०.७५ च्या वरच्या इमारती ठेवतात. माती-कुडाची आणि जुन्या कवेलूंची घरं आजूबाजूच्या जमिनीच्या रंगात मिसळतात, त्यामुळे मॉडेलला त्यांची खात्री कमी वाटते आणि या चाळणीत आधी तीच जातात. दुसरी चाळणी आकाराची. 'लहान काहीतरी असेल, गोठा असेल' म्हणून ३० चौरस मीटरखालचं सगळं उडवलं, तर घरकुलंही उडतात, कारण प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. त्याच घरकुलाला स्लॅब असला आणि निम्मी जागा मोकळी असली तर १ किलोवॉट आरामात बसतं. त्यातून दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात आणि लहान कुटुंबाला तेवढी वीज पुष्कळ होते. केंद्राच्या छतावरील सौरऊर्जेच्या सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे ज्या घराला योजनेचा सगळ्यात जास्त उपयोग, तेच घर आराखड्यातून गेलेलं असतं.

तिसरं कारण हद्दीचं. काम सोपं व्हावं म्हणून गावठाणाची सीमा कापून घेतली जाते. पण यवतमाळमधले कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे, गडचिरोली-गोंदियातले टोले गावठाणापासून दूर, शिवारात असतात. हद्द महसुली गावाची घ्या आणि पोलीस पाटील किंवा आशाताईंना विचारून प्रत्येक वस्तीचं नाव नकाशावर टाका. मेळघाटात, गडचिरोलीत मोह-चिंचेच्या सावलीत दडलेलं छत उपग्रहालाही दिसत नाही. तिथे पायी फिरूनच नोंद करावी लागते.

उपाय: विश्वासांकाची चाळणी लावण्याआधी गावातल्या प्रत्येक वस्तीतली थोडी घरं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तिथे जाऊन पाहा. चाळणीचा आकडा त्यावरून ठरवा.

घरांपेक्षा छतं जास्त

गोठे, जिनिंगची गोदामं, राईस मिल, वरुडकडच्या संत्रा रोपवाटिकांची शेडनेट, ताडपत्रीखालचा कुटाराचा ढीग हे सगळं मॉडेलला छत वाटू शकतं. उलट जुन्या गावठाणात भिंतीला भिंत लागून असलेली चार घरं मिळून एकच मोठं छत होतं. म्हणून छतांची संख्या म्हणजे कुटुंबांची संख्या, असं कधीही लिहू नका. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) मिळकतनिहाय बांधकामाचा प्रकार असतो आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावठाणाचा नकाशाही मिळतो. दोन्ही समोर ठेवून जुळवा.

चित्राची तारीखही पाहा. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातली घरं जुन्या चित्रात उभी दिसतात आणि नव्या पुनर्वसित वसाहती गायब असतात.

छत आहे, पण पॅनेल बसत नाही

वरून स्लॅब, टिन आणि सिमेंटचा पत्रा यांतला फरक मॉडेल सांगत नाही. ओपन बिल्डिंग्जमध्ये इमारतीचा प्रकारच दिलेला नसतो. कवेलूंवर पॅनेल सहसा लावता येत नाहीत. सिमेंटचा पत्रा ठिसूळ असतो. लाकडी फाट्यांवरच्या टिनाला पॅनेल आणि सांगाड्याचं वजन झेपेल का, आणि मृगाआधीच्या वावधानात ते टिकेल का, हे मिस्त्रीने पाहिल्याशिवाय कळत नाही. स्लॅबवर टाकी, जिन्याची खोली आणि दक्षिणेकडच्या कडुनिंबाची सावली वजा करा.

आणि घरातल्या बाईला विचारा. मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, सांडगे, मिरच्या गच्चीवरच वाळतात, मे महिन्यात खाटाही तिथेच टाकल्या जातात. ही जागा मोकळी धरून आराखडा केला तर लोक ऐनवेळी नकार देतात, आणि ते बरोबरच आहे. उंच सांगाडा हा त्यावर मार्ग आहे, पण त्याचा खर्च आधीच अंदाजात धरा.

चंद्रपूरच्या उन्हाचाही एक गैरसमज आहे. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. हवा ४५ अंशांवर गेली की पॅनेल ७० च्या आसपास तापतं आणि त्या वेळचं उत्पादन १५ टक्क्यांच्या आसपास घटू शकतं. ऊन भरपूर म्हणजे वीज त्याच प्रमाणात, असं धरू नका.

छतं जुळली, वीज जुळली नाही

गावातला मोठा भार छताखाली नसतो, वावरात असतो. ५ एचपीचा पंप म्हणजे जवळपास ३.७ किलोवॉट, म्हणजे अनेक लहान घरांइतका भार, आणि विहिरीवरचा तो पंप इमारतींच्या नकाशात कुठेच नसतो. गावठाण आणि शेतीचे फीडर (उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिन्या) बऱ्याच ठिकाणी वेगळे झाले आहेत, म्हणून आराखडाही वेगळा करा. छतावरची सौरऊर्जा गावठाणासाठी. पंपांसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि सौर पंप.

रात्रीच्या दिव्यांच्या उपग्रह चित्रावरून विजेचा वापर ठरवण्याचा मोहही टाळा. त्यातला एक ठिपका सुमारे ५०० मीटरचा असतो आणि उपग्रह मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास जातो. तेव्हा गाव झोपलेलं असतं. पिठाची गिरणी, दुपारचा कूलर यांतलं काहीच त्यात येत नाही.

शेवटी डीपी, म्हणजे वस्तीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. हिवाळ्यात तुरी-कापसाच्या दिवसांत भरदुपारी घरात कुणी नसतं, पॅनेल मात्र जोरात चालतात. एकाच डीपीवर बरीच घरं जोडली तर ही वीज उलटी वाहते, व्होल्टेज चढतं आणि पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारे इन्व्हर्टर बंद पडतात. मग लोक म्हणतात, पॅनेल खराब निघाले. उन्हाळ्यात कूलर चालू असतात, तेव्हा हीच अडचण जाणवत नाही, म्हणून फक्त मे महिन्याच्या मोजणीवर विसंबू नका. कोणतं घर कोणत्या डीपीवर आहे आणि त्या डीपीची क्षमता किती, ही यादी लाइनमनच्या मदतीने करा, महावितरणच्या शाखा कार्यालयातून तपासून घ्या आणि मग छतांच्या नकाशावर चढवा. या कामाला वेळ लागतो. तो धरूनच ग्रामसभेची तारीख ठरवा.