मसाई मारातील सफारी : घाईपोटी होणाऱ्या या चुका टाळा

केनियातील मसाई मारा या वन्यप्राण्यांच्या राखीव क्षेत्रात मी आजवर सहा वेळा गेलो आहे आणि त्यांपैकी चार वेळा ओळखीच्या मंडळींचे छोटे गट माझ्याबरोबर होते. दर वेळी माणसे वेगळी असतात, पण चुका त्याच होतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे मूळ घाईत असते.

पहिली चूक घरातूनच सुरू होते. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस केनियात शिरण्यासाठी नव्हे, तर तिथून भारतात परतण्यासाठी लागते, हे अनेकांना शेवटच्या आठवड्यात कळते. ही लस अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. त्याआधी परत आलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. माझ्या गटातील एका गृहस्थांनी निघण्याच्या दोन दिवस आधी लस घेतली आणि पाच दिवसांच्या सहलीनंतर मुंबईत उतरल्यावर त्यांना तीन दिवस घरी जाता आले नाही. मी महिनाभर आधी केंद्रावर नाव नोंदवतो आणि साठी ओलांडलेल्यांना आधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोलायला सांगतो. एकदा घेतलेली ही लस आयुष्यभर चालते, त्यामुळे लवकर घेण्यात नुकसान काहीच नाही.

दुसरी चूक म्हणजे पाच दिवसांत अंबोसेली आणि नाकुरू ही राष्ट्रीय उद्याने आणि मारा अशी तिन्ही ठिकाणे कोंबणे. एकट्या नैरोबीहून माराला पोहोचायलाच नारोक गावामार्गे पाच-सहा तास लागतात. अंबोसेली दक्षिणेला टांझानियाच्या सीमेवर आहे, तर नाकुरू नैरोबीच्या वायव्येला. अशा सहलीत प्राण्यांपेक्षा डांबरी रस्ताच अधिक दिसतो. शिवाय 2024 पासून माराचे प्रवेशशुल्क परदेशी पर्यटकाला जुलै ते डिसेंबरमध्ये 200 डॉलर आणि उरलेल्या महिन्यांत 100 डॉलर आहे व ते सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या बारा तासांपुरतेच चालते, म्हणून इतके पैसे भरून दुपारी दोनला दारात पोहोचणे मला पटत नाही. चार रात्री हाती असतील तर त्या चारही मारातच काढाव्यात.

आता ज्या चुकीमुळे मी हे लिहायला बसलो, तिच्याकडे वळतो. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात शेजारच्या टांझानियातील सेरेंगेटीतून विल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकी कुरंगांचे कळप मारात येतात आणि मारा नदी ओलांडतात. ते कोणत्या दिवशी, कोणत्या घाटावर उतरतील हे कोणीही सांगू शकत नाही. काठावर हजारो जनावरे जमतात, पाण्यापर्यंत येतात, बिचकून मागे फिरतात आणि तासाभराने पुन्हा येतात. पहिले जनावर पाण्यात उतरून पुढे पोहू लागेपर्यंत गाड्यांनी काठापासून दूर थांबायचे असते, कारण उतारावर गाडी दिसली तर पुढची जनावरे वळतात आणि त्यांच्यामागून सारा कळप वळतो. कधी ती नेहमीची सोपी वाट सोडून कड्यावरून उड्या घेतात आणि त्यात पाय मोडून घेतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही अशाच एका घाटापासून बऱ्याच अंतरावर सकाळी नऊपासून थांबलो होतो. साडेअकराच्या सुमारास कळपाची आघाडी उतारावर आली. आमच्या गाडीतील एक जण, जो आयुष्यात प्रथमच सफारीला आला होता, चालकाला "पुढे घ्या, इथून फोटो येत नाही" असे सांगू लागला आणि मी अडवत असतानाही त्याने बक्षिसीची लालूच दाखवली. आमचा चालक हलला नाही. पण तेवढ्यात शेजारच्या गाडीतील मंडळींनी आपल्या चालकाला तयार केले, ती गाडी पुढे सरकली आणि तिच्यामागून आणखी सात-आठ गाड्या धावल्या. आघाडीची जनावरे जागीच थबकली, वळली आणि धुळीचा लोट उठवत टेकडीपलीकडे गेली. संध्याकाळपर्यंत थांबूनही त्या घाटावर एकही जनावर उतरले नाही. पलीकडे गवत आणि अलीकडे गाड्या, अशा कोंडीत आपल्यामुळे ते प्राणी सापडले याचा मला आजही राग आहे. तेव्हापासून मी गाडीत बसण्याआधीच सर्वांना सांगतो की गाडी कधी हलवायची हे फक्त चालक ठरवेल आणि बक्षिसी शेवटच्या दिवशी, नियम पाळल्याबद्दल दिली जाईल. नियम मोडल्याचा दंड त्यालाच भरावा लागतो, आपल्याला नाही.

चित्त्याच्या बाबतीत ही घाई आणखी महागात पडते. तो दिवसा, नजरेच्या भरवशावर शिकार करतो. त्याच्या आणि हरणांच्या मध्ये गाडी आली की डाव उधळतो आणि पिल्ले उपाशी राहतात. मारातच झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात मादीने एका वेतातील सरासरी 0.2 पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत वाढवली, तर कमी गर्दीच्या भागात 2.3. एका प्राण्याभोवती पाचच गाड्या आणि किमान 25 मीटर अंतर, हा नियम त्यामुळे मला कधीच जाचक वाटला नाही. पाच गाड्या आधीच असतील तर आम्ही पुढे निघून जातो.

'बिग फाइव्ह'ची यादी घेऊन येणाऱ्यांविषयीही मला सांगायचे आहे. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा ही नावे पायी शिकार करणाऱ्यांना सर्वांत अवघड वाटलेल्या प्राण्यांची आहेत. पाहण्याच्या आनंदाशी त्या यादीचा संबंध नाही. वायरलेसवर बिबट्याची वर्दी आली म्हणून खेळणाऱ्या हत्तीच्या पिल्लापासून उठून जाणारे लोक मी पाहिले आहेत. मी पहिल्या संध्याकाळीच गाइडला सांगतो की आमच्याकडे यादी नाही, एकाच कळपापाशी दोन तास थांबलात तरी चालेल.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान सहसा 15 किलोपर्यंत आणि मऊ पिशवीतच चालते, त्यामुळे कडक चाकांची बॅग घरी ठेवावी. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. चकल्या-थेपले डब्यात न्यावेत. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच असल्याने पहाटे उघड्या छताच्या गाडीत चांगलीच थंडी वाजते. आफ्रिका म्हणजे उकाडा असे समजून स्वेटर न घेणारे गारठतात. गाडीत तिपाई उपयोगाची नाही. मी रिकामी कापडी पिशवी नेतो, नैरोबीत दोन किलो तांदूळ घेऊन ती भरतो, गाडीच्या कडेवर तिच्यावर लेन्स टेकवतो आणि परतताना ते तांदूळ तळावरील स्वयंपाक्याला देतो.