घरचे खाजगी मोबाइल नेटवर्क: परवान्याची रेषा आणि तिच्या अलीकडे करता येणारे काम

यावल, रावेर आणि चोपडा तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याचे मळे असोत की धडगाव-अक्कलकुव्याकडचे डोंगरातले पाडे असोत, तिथे मोबाइलची रेंज आजही भरवशाची नाही. त्यामुळे ज्याला लिनक्स बऱ्यापैकी येते, अशा माणसाच्या मनात ‘आपलाच एक छोटा टॉवर का उभारू नये’ हा विचार आल्याशिवाय राहत नाही. तांत्रिकदृष्ट्या त्यात अशक्य असे काही नाही, कारण मोबाइल कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेचे काम करणारे सॉफ्टवेअर आज फुकट मिळते आणि ते साध्या लॅपटॉपवर चालते. अडचण अँटेनापाशी सुरू होते. म्हणून आधी कायदा नेमका काय सांगतो ते पाहू आणि मग अँटेना न लावता सगळे नेटवर्क घरी कसे उभारायचे, याकडे वळू.

१९३३ च्या भारतीय बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यासही मनाई केली होती. त्याची आणि १८८५ च्या तार कायद्याची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ करण्यात आला आणि त्याची कलमे २०२४ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. दूरसंचार सेवा देणे, नेटवर्क उभारणे आणि रेडिओ यंत्र बाळगणे या तिन्ही गोष्टींना नव्या कायद्यातही सरकारची अधिकृतता लागते. अधिकृततेशिवाय सेवा दिली किंवा नेटवर्क उभारले, तर कलम ४२ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘माझ्याच घरात, माझ्याच फोनसाठी’ हा बचाव इथे उपयोगाचा नाही, कारण लहरी घराच्या भिंतीपाशी थांबत नाहीत.

परदेशी मार्गदर्शिका वाचून साहित्य मागवणाऱ्यांची फसगत नेमकी इथेच होते. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ हा पट्टा सीबीआरएस या पद्धतीने वाटून वापरला जातो आणि तिथला सामान्य माणूसही नोंदणीकृत यंत्र लावून, स्वयंचलित नियंत्रण यंत्रणेच्या परवानगीने, त्यात ४जी किंवा ५जी चालवू शकतो. ब्रिटनमध्ये ३.८ ते ४.२ गिगाहर्ट्झमध्ये आणि जर्मनीत ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झमध्ये स्थानिक परवाने मिळतात. भारतात मात्र ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात कंपन्यांसाठी खुला झाला, म्हणजे सीबीआरएसच्या यंत्राचा बराचसा पट्टा इथे सरळ लिलावातल्या स्पेक्ट्रमवर पडतो. घरगुती मोबाइल सेलसाठी, म्हणजे अशा छोट्या टॉवरसाठी, परवानामुक्त असा एकही पट्टा आपल्याकडे नाही.

उद्योगांसाठी वेगळी वाट आहे. जून २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कॅप्टिव्ह नॉन-पब्लिक नेटवर्कची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार एखादा कारखाना मोबाइल कंपनीकडून स्वतःपुरते नेटवर्क उभारून घेऊ शकतो किंवा परवाना घेऊन कंपनीचे स्पेक्ट्रम भाड्याने वापरू शकतो. स्पेक्ट्रम थेट सरकारकडून घेण्याची कल्पनाही त्यात आहे, पण त्यासाठीच्या मागणी-पाहणीत शंभर कोटी रुपयांहून अधिक नक्त मालमत्ता असलेल्यांनाच बोलावले होते. जळगावच्या एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या उद्योगाने याचा विचार करावा. शेतकऱ्याच्या किंवा विद्यार्थ्याच्या कामाचे हे प्रकरण नाही.

‘इतक्या आडरानात कोणाला कळणार आहे?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. पकडले जाण्याची भीती क्षणभर बाजूला ठेवली, तरी एक तांत्रिक कारण उरते आणि मला ते शिक्षेहून गंभीर वाटते. आपल्या कंपनीची रेंज न मिळालेला फोन आणीबाणीचा कॉल करता यावा म्हणून मिळेल त्या नेटवर्कचा सेल धरून बसतो. तुमचा घरगुती २जी सेल हवेत असेल, तर पाड्यावरच्या एखाद्या फोनला तोच सापडेल. साप चावलेल्या माणसाचे नातेवाईक ११२ लावतील आणि तो कॉल तुमच्या लॅपटॉपमध्ये येऊन संपेल. रेंज जितकी विरळ, तितका हा धोका मोठा.

आता प्रत्यक्ष उभारणी. मोबाइल नेटवर्कचे दोन भाग असतात: फोनची ओळख पटवणारा, त्याला आयपी पत्ता देणारा आणि डेटा पुढे नेणारा गाभा, म्हणजे कोअर, आणि हवेतून फोनशी बोलणारा रेडिओ. पहिला भाग ओपन५जीएस या मुक्त सॉफ्टवेअरने उभा राहतो. दुसऱ्या भागाच्या जागी युईरॅनसिम हे सॉफ्टवेअर वापरायचे. ते बेस स्टेशन आणि फोन या दोघांचे सोंग एकाच संगणकात घेते आणि रेडिओचे काम साध्या यूडीपी पाकिटांवर, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांवर, भागवते. हवेत काहीच जात नाही, म्हणून स्पेक्ट्रमच्या परवान्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली एवढे पुरते. ओपन५जीएस ग्राहकांची माहिती मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये ठेवते आणि जुना लॅपटॉप वापरणाऱ्याची पहिली ठेच इथेच लागते. मोंगोडीबीच्या पाचव्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स ही सोय असावी लागते; जुन्या सेलेरॉन आणि पेंटियम यंत्रांत ती नसते आणि मग डेटाबेस ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढेच सांगून बंद पडतो. विंडोजवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांना प्रोसेसर नवा असूनही हाच अनुभव येऊ शकतो, कारण ही सोय आतल्या मशीनपर्यंत पोचलेली नसते. अशा वेळी चौथी आवृत्ती वापरावी किंवा उबुंटू थेट डिस्कवर बसवावे.

त्यानंतर ओपन५जीएसचे वेब पान ब्राउझरमध्ये ९९९९ या पोर्टवर उघडते. सुरुवातीचे नाव ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्ड १४२३ असतो. तो लगेच बदलावा. इथे ग्राहक नोंदवायचा, म्हणजे त्याचा आयएमएसआय, म्हणजे सिमची ओळख सांगणारा पंधरा आकडी क्रमांक, आणि के व ओपीसी या दोन गुप्त किल्ल्या भरायच्या. आयएमएसआयचे पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताचे ४०४ आणि ४०५ हे आकडे सरावातही वापरू नयेत. खाजगी नेटवर्कच्या अंतर्गत वापरासाठी ९९९ हा संकेत राखून ठेवलेला आहे आणि ओपन५जीएस मुळातच ९९९-७० घेऊन येते, तेच राहू द्यावे.

युईरॅनसिमच्या बेस स्टेशनच्या आणि फोनच्या फायलींमध्ये हीच माहिती पुन्हा द्यायची असते, आणि नव्याण्णव टक्के घोळ या जुळणीतच होतो. नेटवर्कचा संकेत आणि स्लाइसचा, म्हणजे नेटवर्कच्या आभासी भागाचा, क्रमांक गाभा, बेस स्टेशन आणि फोन या तिन्ही ठिकाणी, तर टीएसी हा क्षेत्र क्रमांक गाभा आणि बेस स्टेशन या दोन ठिकाणी तंतोतंत तोच हवा. बेस स्टेशन सुरू केल्यावर ‘एनजी सेटअप’ यशस्वी झाल्याची ओळ दिसली, म्हणजे गाभ्याशी नाते जुळले. ती दिसली नाही तर टीएसी आणि संकेत तपासावेत. फोन सुरू केल्यावर ओळख पटवण्याच्या टप्प्यावर नकार आला, तर बहुधा ओपी (जिच्यापासून ओपीसी बनते ती किल्ली) आणि ओपीसी यांची अदलाबदल झालेली असते. सगळे जुळले की संगणकात एक नवा नेटवर्क इंटरफेस उभा राहतो आणि त्याला १०.४५ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. पत्ता मिळूनही इंटरनेट चालत नसेल, तर उबुंटूमध्ये पाकिटे पुढे पाठवण्याची सोय चालू करून त्या पत्त्यांसाठी नॅटचा, म्हणजे आतले पत्ते संगणकाच्या पत्त्यात बदलण्याचा, नियम घालायचा राहिलेला असतो.

इथपर्यंत आल्यावर वायरशार्क हे नेटवर्कवरची पाकिटे दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून बसावे. ३८४१२ या पोर्टवरची देवाणघेवाण पाहिली, की फोनने नोंदणी मागणे, नेटवर्कने त्याला कोडे घालणे, फोनने ते सोडवणे, हा सगळा संवाद ओळीने वाचता येतो. ओपन५जीएसच्या मूळ मांडणीत सांकेतिकीकरणाचा पहिला पर्याय ‘काहीही नाही’ असा असल्यामुळे पुढचे संदेशही उघडे दिसतात. रेडिओचा खालचा थरही समजून घ्यायचा असेल, तर एसआरएसरॅन हे सॉफ्टवेअर झीरोएमक्यूच्या जोडणीवर चालवता येते. त्यात लहरींचे नमुने हवेऐवजी एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे जातात.

खरा फोन जोडायचा असेल, तर मात्र सॉफ्टवेअर रेडिओ यंत्र, म्हणजे संगणकाच्या सांगण्यावरून लहरी सोडणारे यंत्र, लागते आणि तिथे परवाना आला. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या स्पेक्ट्रमचे काम पाहणाऱ्या शाखेकडून प्रयोगासाठीचे परवाने मिळतात. अर्ज सरल संचार या संकेतस्थळावर करायचा असतो. लहरी बाहेर सोडणारा आणि न सोडणारा असे त्याचे दोन प्रकार आहेत. केबल, क्षीणक (सिग्नल कमजोर करणारा भाग) आणि धातूची बंद पेटी वापरून केलेला प्रयोग दुसऱ्या प्रकारात बसतो आणि त्याची परवानगी तुलनेने सोपी असते. तरीही हे काम एकट्याने करण्यापेक्षा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नावाने करावे, असे मी सुचवेन. संस्था असली की जागा, जबाबदार व्यक्ती आणि यंत्रांची नोंद दाखवणे सोपे जाते. यंत्र परदेशातून मागवण्याआधी परवाना हातात असावा, नंतर नव्हे.

ज्यांना शिकायचे नाही, मळ्यात फोन लागावा एवढेच हवे आहे, त्यांनी सेल्युलरचा नादच सोडावा. २०१९ च्या अखेरीस एअरटेलने आणि २०२० च्या जानेवारीत जिओने वायफायवरून कॉलची सोय सुरू केली, तेव्हापासून गावातल्या घराचे फायबर इंटरनेट बिनतारी जोडणीने मळ्यातल्या खोलीपर्यंत नेले की काम भागते. त्यासाठी ५ गिगाहर्ट्झमधले काही पट्टे २०१८ पासून परवानामुक्त आहेत. दोन टोकांना दोन डिश एकमेकींकडे तोंड करून लावायच्या. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमध्ये अँटेनासह एकूण प्रभावी शक्ती ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम (शक्ती मोजण्याचे एकक), इतकीच चालते. लहर एका दिशेला एकवटण्याची क्षमता २३ डीबीआय असलेली डिश असेल तर रेडिओ १३ डीबीएमवर ठेवावा लागतो. यंत्रात देश ‘भारत’ निवडला की ते बहुधा हे आपोआप करते. चिनी बाजारातून आलेल्या यंत्रात देश बदलून शक्ती वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नये.

आपल्या भागात खरा शत्रू केळीचा बाग आहे. पाण्याने भरलेली रुंद पाने ही लहर गिळून टाकतात. एक किलोमीटर अंतरावर, ५.८ गिगाहर्ट्झला, दोन डिशच्या मधोमध सरळ रेषेभोवती सुमारे ३.६ मीटर त्रिज्येचा, लहरीच्या वाटेचा पट्टा असतो आणि त्याचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे सुमारे २.२ मीटर, मोकळा हवा. केळी पानांसह सहज तीन मीटरवर जाते, म्हणून दोन्ही टोकांचे खांब सहा मीटरपेक्षा कमी नकोत. मृगबाग लावल्यावर, रोपे गुडघ्याएवढी असताना जोडणी तपासली आणि ती उत्तम चालली, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. घड पडण्याच्या वेळची उंची धरूनच मोजावे. खांबाला अर्थिंग हवेच.

विहिरीवरची मोटर चालू आहे की बंद, किंवा जमिनीत ओल किती, एवढेच कळायचे असेल, तर लोरा, म्हणजे कमी विजेवर थोडासा डेटा दूरवर पाठवणारे रेडिओ तंत्र, पुरेसे आहे. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोकळा आहे. बोर्ड विकत घेताना नीट पाहावे: युरोपसाठीच्या बोर्डाचे मूळ चॅनल ८६८.१ मेगाहर्ट्झपासून सुरू होतात आणि ते आपल्या हद्दीबाहेर पडतात, तर अमेरिकेचा ९१५ चा बोर्ड इथल्या मोबाइल पट्ट्यांच्या अंगावर जातो. सॉफ्टवेअरमध्ये आयएन८६५ ही मांडणी निवडली की ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ हे तीन चॅनल आपोआप येतात.

पाड्यावरच्या शेजाऱ्यांना इंटरनेट द्यायचे असेल, तर ते परस्पर विकू नये. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या सरकारी योजनेत किराणा दुकानदारालाही सार्वजनिक डेटा केंद्र चालवता येते आणि त्यासाठी परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. जोडणी मात्र योजनेत नोंदलेल्या समूहकाच्या मार्फत करावी लागते. त्या वायफायवर ज्यांच्या फोनमध्ये वायफाय कॉलची सोय आहे, त्यांचे कॉलही लागतात.