डेबियन १३ वर जाण्याआधी: प्लाझ्मा ६ साठीची तयारी

आधी तारीख ठरवा, आणि ती ठरवताना घाई करू नका. डेबियन ही लिनक्सवरची सिस्टिम; तिची तेरावी आवृत्ती, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली म्हणून १२ लगेच निकामी होत नाही. बुकवर्मला, म्हणजे १२ ला, नेहमीचे सुरक्षा-अपडेट जून २०२६ पर्यंत आहेत आणि त्यापुढे एलटीएसचे (दीर्घ मुदतीच्या आधाराचे) जून २०२८ पर्यंत. तेव्हा महिनाअखेर, जीएसटीचे रिटर्न, प्रवेशअर्जांची गर्दी असले दिवस सोडून एखादा शनिवार धरावा, म्हणजे रविवार हाताशी राहतो. पुण्यात असाल तर गुरुवार टाळा, दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा त्याच वारी. यूपीएस असेल तर भिंतीवरचं बटण बंद करून तो खरोखर किती वेळ तग धरतो ते आधीच पाहून ठेवा.

आता हा बदल केवढा आहे ते समजून घ्या, कारण पुढची सगळी यादी त्यावर उभी आहे. प्लाझ्मा म्हणजे केडीई प्रकल्पाचा डेस्कटॉप. डेबियन १२ मध्ये प्लाझ्मा ५.२७ आहे, १३ मध्ये ६.३. प्लाझ्मा ५ जुलै २०१४ मध्ये आला आणि जवळजवळ दहा वर्षं टिकला. २८ फेब्रुवारी २०२४ ला प्लाझ्मा ६ आला तेव्हा खालचा क्यूटी ५ चा (खिडक्या, बटणं बांधायच्या लायब्ररीचा) पाया जाऊन क्यूटी ६ चा आला, आणि मूळ सेशन एक्स११ ऐवजी वेलँडचं झालं. एक्स११ ही पडद्यावर खिडक्या दाखवायची जुनी पद्धत, वेलँड ही नवी. चेहरा बराचसा ओळखीचाच राहतो, त्यामुळे आत किती बदललंय ते चटकन लक्षात येत नाही. डेबियनच्या अपग्रेडमध्ये फाइली सहसा जात नाहीत. अडतं ते रोजच्या सवयींपाशी: भाषा बदलायची की, पॅनलवरची जागा, एका क्लिकला उघडणारं फोल्डर. मशीनवर दुसरं कुणी काम करत असेल तर सोमवारी सकाळी काम थांबतं ते याच बारीक गोष्टींनी.

म्हणून तयारीची सुरुवात टर्मिनलवर करू नये. ज्याचं मशीन आहे त्याच्या शेजारी अर्धा तास बसा आणि तो काय करतो ते लिहून घ्या. सकाळी सर्वांत आधी काय उघडतो, प्रिंटर कोणता, स्कॅनर कशातून चालवतो, मराठीवर जायला कुठली की दाबतो, मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवतो का, प्रोजेक्टर लावतो का. पॅनलचा, मेनूचा आणि सिस्टिम सेटिंग्जच्या महत्त्वाच्या पानांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फोल्डर एका क्लिकला उघडतं की दोन, हे आवर्जून लिहा. प्लाझ्मा ५ ची मूळ पद्धत एका क्लिकची होती, ६ ची दोन क्लिकची आहे. सेटिंग्जमध्ये ती बदलता येते, पण पूर्वी काय होतं हे माहीत असेल तर.

मराठी टायपिंगला मी या यादीत सर्वांत जास्त वेळ देतो, कारण इथे बिघडलं तर माणूस थेट विंडोजवर परत जातो. आत्ता मराठी नेमकी कशातून उमटते ते आधी शोधा. दोन मार्ग असतात. पहिला साध्या कीबोर्ड लेआउटचा: सेटिंग्जमध्ये भारतीय लेआउटच्या यादीत मराठी निवडलेलं असतं, इनस्क्रिप्ट किंवा कगप (उच्चारानुसारी). हा मार्ग एक्स११ वर जसा चालतो तसाच वेलँडवर चालतो, त्याची काळजी नको. दुसरा मार्ग इनपुट मेथडचा, म्हणजे दाबलेल्या कींतून अक्षरं घडवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमचा: आयबस किंवा एफसीआयटीएक्स ५, आणि त्यात एम१७एन या टायपिंग-पद्धतींच्या संग्रहातलं फोनेटिक किंवा आयट्रान्स. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणारे बहुतेक लोक याच मार्गावर असतात, आणि खरी तयारी त्यांच्यासाठी लागते. वेलँडवर इनपुट मेथड सुरू करायचं काम केविन, म्हणजे प्लाझ्माचा खिडक्या सांभाळणारा भाग, करतो, त्यामुळे सेटिंग्जमध्ये कीबोर्डखालच्या ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या पानावर जाऊन तिथे आपली इनपुट मेथड निवडावी लागते. पानाचं नाव पाहून ते टचस्क्रीनसाठी असेल असं वाटतं आणि लोक तिकडे फिरकतच नाहीत.

शिवाय एक्स११ च्या काळात कुणीतरी प्रोफाइलच्या फाइलीत किंवा ईटीसीतल्या एन्व्हायर्नमेंट फाइलीत इनपुट मेथड ठरवणाऱ्या तीन ओळी लिहून ठेवलेल्या असतात: जीटीकेसाठी एक, क्यूटीसाठी एक आणि एक्समॉडिफायर्सची एक. एफसीआयटीएक्स वापरत असाल तर वेलँडवर पहिल्या दोन काढाव्यात. तिसरी राहू द्यावी, एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स११ चे प्रोग्रॅम चालवणाऱ्या दुव्यातून) चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना ती लागते. या ओळी कुठे आहेत ते आजच शोधून कागदावर लिहा. क्रोमियम आणि इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या प्रोग्रॅमना कधी कधी वेलँडवरच्या इनपुट मेथडसाठी वेगळा पर्याय चालू करावा लागतो, तेव्हा रोजच्या वापरातले असे प्रोग्रॅम कोणते, तेही टिपून ठेवा.

मग चाचणीचं एक वाक्य तयार करा आणि ते जुन्या डेस्कटॉपवर टाइप करून त्याची प्रिंट घ्या. माझं वाक्य असं आहे: ‘कोऱ्या वहीत तऱ्हेतऱ्हेची ॲल्युमिनियमची कुलुपं, कॅलेंडरं, शाळा, ऋण आणि ज्ञान.’ यातला ‘ऱ्य’ फार कामाचा. इनस्क्रिप्टवर तो शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ अशा तीन कींनी उमटतो, आणि तो नीट आला म्हणजे लेआउट, शिफ्ट आणि फॉन्ट तिन्ही जागेवर आहेत असं समजायला हरकत नाही. अपग्रेडनंतर हेच वाक्य फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये, केट या मजकूर-संपादकात आणि क्रोमियमवर चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये टाइप करून बघायचं. एका ठिकाणी उमटलं म्हणजे सगळीकडे उमटेल असं धरून चालू नका.

प्रिंट कशासाठी, तर ‘ल’ आणि ‘श’ साठी. काही देवनागरी फॉन्टांत या अक्षरांची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात, आणि भाषा मराठी सांगितली असेल तर मराठी वळण येतं. अपग्रेडमध्ये ठरलेला फॉन्ट बदलला किंवा भाषेची सेटिंग हलली तर पडद्यावर हिंदी वळणाचा ‘ल’ दिसायला लागतो. वाचता येतं, पण रोज मराठी मजकूर तपासणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना ते सतत खुपतं. म्हणून सिस्टिमची भाषा, लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) आणि निवडलेले फॉन्ट लिहून ठेवा, आणि हाताने टाकलेले फॉन्ट बॅकअपमध्ये घ्या. जुन्या श्रीलिपीतल्या फाइली उघडायला लागणारे फॉन्टही त्यात आले.

वेलँडचं बाकीचं एका दमात. एक्समॉडमॅप, एक्सडूटूल, डब्ल्यूएमसीटीआरएल या की आणि खिडक्या हाताळणाऱ्या एक्स११ च्या साधनांवर बेतलेल्या स्क्रिप्टा वेलँडवर चालत नाहीत किंवा अर्धवट चालतात. अशा कुठे आहेत ते शोधा. रात्री पडद्याचा रंग उबदार करणाऱ्या रेडशिफ्टची गरज नाही, ‘नाइट लाइट’ सेटिंग्जमध्येच आहे. स्क्रीन दाखवताना कोणती खिडकी दाखवायची हे सिस्टिम विचारते, त्याची माणसाला आधी कल्पना द्या. परदेशातून आईबाबांचं मशीन दुरून सांभाळणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं: पडद्याचा ताबा देण्याची परवानगी त्या बाजूला बसलेल्या कुणीतरी द्यावी लागते, म्हणून निघायच्या आधीच एसएसएच (दुरून टर्मिनलवर लॉगिन करायची सोय) चालू करून, तपासून ठेवा.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर थोडं थांबून विचार करा. डेबियन १३ मधला ड्रायव्हर ५५० मालिकेतला आहे, आणि वेलँडवरची लुकलुक थांबवणारी ‘एक्स्प्लिसिट सिंक’ची सोय एनव्हिडियाने ५५५ पासून दिली. अशा मशीनवर सुरुवातीला एक्स११ सेशनच ठेवावं हे माझं मत. प्लाझ्मा ६.३ मध्ये तो पर्याय आहे. लॉगिनच्या पडद्यावर खालच्या डाव्या कोपऱ्यात सेशन निवडता येतं. केविनचं एक्स११ चं पॅकेज मशीनवर आहे ना, तेवढं बघा. मात्र प्लाझ्मा ६.८ पासून एक्स११ सेशन काढणार असल्याचं केडीईने जाहीर केलं आहे, तेव्हा या मुदतीत वेलँडची सवय करून घेणं बरं. इंटेल आणि एएमडीवाल्यांनी सरळ वेलँडवर जावं.

विजेट, थीम, केविनच्या स्क्रिप्टा: बाहेरून उतरवलेलं जे जे आहे ते काढून टाका आणि मूळ ब्रीझ थीमवर या. प्लाझ्मा ५ साठी लिहिलेलं विजेट ६ वर चालत नाही, लेखकाने ते नव्याने बांधलेलं असावं लागतं. लॅटे डॉक हे बाहेरचं पॅनल वापरणाऱ्यांना वाईट वाटेल, पण त्याचं काम २०२२ मध्येच थांबलं आणि ते ६ वर आलेलं नाही. साध्या पॅनलवर आधीच येऊन हात बसवून घ्या. बाहेरच्या ग्लोबल थीम पुन्हा घालतानाही जपून, कारण त्यांत कोड असतो आणि तो तुमच्या परवानग्यांनी चालतो. मार्च २०२४ मध्ये अशाच एका थीममुळे एका वापरकर्त्याच्या फाइली पुसल्या गेल्या होत्या आणि केडीईला सावधगिरीची सूचना द्यावी लागली होती.

मशीन ६४ बिटचं आहे आणि त्यावरची सिस्टिमही ६४ बिटची आहे हे पाहा. ३२ बिट पीसीसाठी डेबियन १३ मध्ये कर्नलच नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असून कुणी ३२ बिट डेबियन टाकलेलं असेल तर अपग्रेडचा विचार सोडून नवं इन्स्टॉलेशन करा. डेबियन ११ वरून थेट १३ वर उडी मारू नये, वाट १२ मधूनच जाते. बूटचं वेगळं पार्टिशन असेल तर त्याची एकूण जागा ७६८ एमबी आणि त्यात मोकळी साधारण ३०० एमबी असावी असं डेबियनच्या सूचनांतच आहे. जुन्या मशीनवर ते लहान निघतं आणि अपग्रेड मध्येच अडकतं. बाहेरच्या रेपॉझिटरी (पॅकेजांचे साठे) आणि बॅकपोर्ट्स (जुन्या डेबियनसाठी बांधलेली नवी पॅकेजेस) बंद करा, होल्डवर ठेवलेली, म्हणजे अपग्रेडपासून अडवलेली, पॅकेजेस मोकळी करा. टेम्प फोल्डर यापुढे रॅममध्ये राहतं, तेव्हा तिथे काही साठवायची सवय असेल तर मोडा.

बॅकअप. टाइमशिफ्टने सिस्टिमची प्रत घेत असाल तर तो मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डर घेत नाही, हे ध्यानात असू द्या. होमचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, लपलेल्या फाइलींसह. पेनड्राइव्ह फॅटचा असेल तर फाइलींच्या परवानग्या टिकत नाहीत, म्हणून आधी टारने एका फाइलीत बांधून मग तिथे ठेवा. कॉन्फिग आणि लोकल ही दोन लपलेली फोल्डरं यात फार महत्त्वाची: पॅनल, शॉर्टकट, केवॉलेट या तिजोरीतले पासवर्ड, केमेल वापरत असाल तर मेल साठवणाऱ्या अकोनाडीचा सगळा पसारा तिथेच असतो. प्लाझ्मा ६ मध्ये पहिल्यांदा लॉगिन केलं की यातल्या फाइली नव्या पद्धतीने लिहिल्या जाऊ लागतात, म्हणून जुनी प्रत त्याआधीची असली पाहिजे. ईटीसी फोल्डर आणि पॅकेजांची यादीही घ्या. मग बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर परत काढून, उघडून बघा.

एक संध्याकाळ डेबियन १३ ची केडीईवाली लाइव्ह प्रतिमा पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन चालू करा. काही इन्स्टॉल करायचं नाही. वायफाय, आवाज, टचपॅड, झाकण बंद करून झोपणं, प्रोजेक्टर एवढं तपासायचं. रोज वापरणाऱ्यालाही शेजारी बसवा, त्याला नवा डेस्कटॉप हाताळू द्या. तो पेनड्राइव्ह पुसू नका, अडचण आली तर त्यावरूनच मशीन उघडता येईल.

अपग्रेडच्या दिवशी प्लाझ्मातून लॉगआउट करून कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबून काळ्या पडद्यावर काम करा. चालू डेस्कटॉपखालून त्याच्याच लायब्रऱ्या बदलल्या तर सेशन मध्येच पडू शकतं. इथे एक अडचण हमखास येते: वायफायचा पासवर्ड केवॉलेटमध्ये असेल तर लॉगआउट केल्याबरोबर नेट जातं. आदल्या दिवशी नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये तो पासवर्ड सगळ्या वापरकर्त्यांसाठी साठवा, नाहीतर सरळ केबल लावा. आधी बुकवर्म पूर्ण अद्ययावत, मग सोर्सेसच्या फाइलीत बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी, मग नवी पॅकेजेस न घेता पहिला अपग्रेड आणि शेवटी फुल-अपग्रेड. नेट हळू असेल तर पॅकेजेस आधी नुसती उतरवून घेता येतात. होय म्हणण्याआधी काय काढलं जाणार आहे ती यादी सावकाश वाचा. त्यात प्लाझ्मा डेस्कटॉप किंवा एसडीडीएम (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) दिसलं तर थांबा आणि कारण शोधा. एखादी सेटिंगची फाइल ठेवायची की बदलायची असं विचारलं जाईल, तेव्हा डी दाबलं की फरक दिसतो. तुम्ही स्वतः बदललेली फाइल असेल तर आपलीच ठेवा. सगळं होताना स्क्रिप्ट ही आज्ञा चालू ठेवली तर पडद्यावरचा मजकूर फाइलीत नोंदला जातो.

रीबूटनंतर सेशन कोणतं आहे ते बघून लॉगिन करा आणि शेजारी बसून काढलेली ती यादी ओळीने तपासा, चाचणीच्या वाक्यासकट. पॅनल रिकामं आलं तर घाबरू नका. आधी नवा वापरकर्ता करून त्यात लॉगिन करा; तिथे सगळं ठीक असेल तर दोष जुन्या सेटिंग्जमध्ये आहे. मग आपल्या कॉन्फिग फोल्डरातली पॅनलची फाइल, जिच्या नावाच्या शेवटी ‘ॲपलेट्सआरसी’ येतं ती, बाजूला काढून पुन्हा लॉगिन करा आणि फोटो बघून पॅनल नव्याने मांडा. ऑटोरिमूव्ह, म्हणजे गरज नसलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा, मात्र लगेच चालवू नका. जुना कर्नल आणि जुनी पॅकेजेस पंधरवडाभर राहू द्या, एकदा तरी प्रिंट, स्कॅन, मीटिंग आणि प्रोजेक्टर हे सगळं नव्या डेस्कटॉपवर होऊन जाऊ द्या, आणि मगच ती काढा.