इंग्लंडमधील कौन्सिल टॅक्सचे बिल कसे वाचावे

इंग्लंडमध्ये भाड्याने राहायला आलेल्या मराठी माणसाच्या हाती कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे कौन्सिल या तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेच्या घरावरील कराचे, पहिले बिल पडते, तेव्हा ते घरमालकाकडे पाठवून द्यावे असेच त्याच्या मनात येते, कारण घरपट्टी मालकाने भरायची असते ही सवय आपण गावाहून सोबत आणलेली असते. इथला कर मात्र सहसा घरात राहणाऱ्याने भरायचा असतो. घर पूर्ण भाड्याने घेतले असेल तर बिल भाडेकरूच्या नावावर येते आणि पती-पत्नी किंवा एकाच करारावर सही केलेले सहनिवासी त्यासाठी संयुक्तपणे जबाबदार धरले जातात. एकेक खोली स्वतंत्र कराराने दिलेल्या सामायिक घरात मात्र ही जबाबदारी बहुधा मालकाची असते. म्हणून बिलातील रकमेकडे नजर जाण्याआधी त्यावरील नावे, पत्ता आणि कर कोणत्या तारखेपासून लावला आहे, या तीन गोष्टी भाडेकरारातील नोंदींशी ताडून पाहाव्यात. घराचा ताबा १५ तारखेला मिळाला असताना आकारणी १ तारखेपासून झाली असेल, तर कराराची प्रत पाठवून ती दुरुस्त करून घेता येते.

त्यानंतर बॅण्ड, म्हणजे घराच्या किमतीनुसार ठरलेला गट, पाहावा. हा कर १९९३ साली सुरू झाला आणि इंग्लंडमधील प्रत्येक घर ए ते एच या आठ बॅण्डांपैकी एकात बसवले गेले. १ एप्रिल १९९१ रोजी ते घर विकले असते तर किती किंमत आली असती, या अंदाजावर त्याचा बॅण्ड ठरतो, आणि अलीकडे बांधलेल्या घरालाही त्याच तारखेचे माप लावले जाते. त्यामुळे आज काही लाख पौंडांना विकले जाणारे घर ६८,००० ते ८८,००० पौंडांच्या डी बॅण्डमध्ये दिसले, तर त्यात काही चूक आहे असे समजू नये. कौन्सिल दरवर्षी डी बॅण्डचा दर ठरवते आणि बाकीचे बॅण्ड त्याच्या ठरलेल्या प्रमाणात निघतात. ए बॅण्डला डीच्या नऊपैकी सहा भाग, सी बॅण्डला आठ भाग आणि एच बॅण्डला अठरा भाग, म्हणजे डीच्या दुप्पट, भरावे लागतात. वेल्समध्ये बॅण्ड नऊ आहेत आणि ते २००३ च्या किमतींवर आधारलेले आहेत, तर स्कॉटलंडच्या बिलात पाण्याचा आणि सांडपाण्याचा आकारही जोडलेला असतो. पुढील विवेचन इंग्लंडपुरतेच आहे.

बिलाच्या मधल्या भागातील तक्त्यात एकाच कराचे वाटेकरी दिलेले असतात. ज्या कौन्सिलने बिल पाठवले तिच्याकडे सगळी रक्कम राहत नाही. पोलीस, अग्निशमन दल, काही भागांत जिल्हापातळीवरील काउंटी कौन्सिल आणि गावपातळीवरील पॅरिश कौन्सिल यांचा वाटा ती केवळ गोळा करून देते. प्रत्येक ओळीपुढे गेल्या वर्षीच्या तुलनेत झालेली टक्केवारीची वाढ छापलेली असते. वृद्ध आणि अपंग प्रौढांच्या देखभालीसाठी असलेल्या ओळीत ही टक्केवारी हमखास गोंधळात टाकते, कारण ती त्याच ओळीच्या मागील आकड्यावर न काढता कौन्सिलच्या गेल्या वर्षीच्या एकूण आकारणीवर काढलेली असते. तिथे २ टक्के छापलेले असूनही त्या ओळीतील पौंडांची रक्कम बरीच अधिक वाढलेली दिसते, ती यामुळे.

सर्वाधिक पैसे वाचतात किंवा वाया जातात ते सवलतींच्या भागात, म्हणून तो भाग सावकाश वाचावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पूर्ण कर दोन प्रौढ राहतात असे धरून लावलेला असतो. घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते. पूर्णवेळ विद्यार्थी या मोजणीतून वगळले जातात, आणि घरात सगळेच विद्यार्थी असतील तर कर पूर्ण माफ होतो. समजा, तीन विद्यार्थी एका सी बॅण्डच्या घरात राहत आहेत आणि त्यांतील एकाचा अभ्यासक्रम संपून तो नोकरीला लागला. अभ्यासक्रम संपल्याच्या तारखेनंतर तो विद्यार्थी राहत नाही, मग त्याचा व्हिसा कोणताही असो. डी बॅण्डचा दर १,८०० पौंड असेल तर सी बॅण्डला वर्षाला १,६०० पौंड होतात. मोजणीत तो एकटाच उरल्यामुळे ४०० पौंड सूट मिळून त्याला १,२०० पौंड भरावे लागतात आणि कायद्याने ही जबाबदारी त्याच्या एकट्याची असते. मित्रांनी ती आपसांत वाटून घ्यायची की नाही, हे घर घेतानाच बोलून ठरवलेले बरे. विद्यार्थ्यासोबत आलेल्या, ब्रिटिश नागरिक नसलेल्या जोडीदाराला व्हिसाच्या अटींमुळे नोकरी करण्याची किंवा सरकारी भत्ते घेण्याची मनाई असेल, तर त्यालाही मोजणीतून वगळले जाते, ही तरतूद आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते.

येथे एक भेद जिवापाड जपायला हवा. एकट्या राहणाऱ्याची सूट आणि विद्यार्थ्यांची माफी हे सार्वजनिक निधीतील साहाय्य (पब्लिक फंड्स) मानले जात नाही, त्यामुळे व्हिसावर तसे साहाय्य घेण्याची मनाई असली तरी ही सूट किंवा माफी नि:शंकपणे मागावी. कमी उत्पन्नामुळे मिळणारी कौन्सिल टॅक्स रिडक्शन ही सवलत मात्र सार्वजनिक निधीत मोडते. तशी मनाई असलेल्याने योग्य सल्ला घेतल्याशिवाय तिचा अर्ज करू नये.

कराचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते आणि रक्कम साधारणपणे एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत मागितली जाते. बारा हप्ते करून मागता येतात. हप्ता चुकला तर सात दिवसांची मुदत देणारे स्मरणपत्र येते. तेही दुर्लक्षिले तर हप्त्यांची सोय जाऊन वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागितली जाते आणि प्रकरण मॅजिस्ट्रेट न्यायालयात गेल्यास त्याचा खर्चही आपल्याच माथी येतो. हातात पैसे नसतील तर स्मरणपत्र येण्याआधीच कौन्सिलला फोन करून अडचण सांगावी.

बॅण्ड चुकीचा वाटला तर कौन्सिलकडे भांडून उपयोग नाही, कारण तो सरकारी मूल्यांकन यंत्रणा ठरवते. नव्याने करदाता झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तिच्याकडे विनाशुल्क हरकत घेता येते. मात्र आधी शेजारच्या तशाच घरांचे बॅण्ड सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावेत, कारण तपासणीत बॅण्ड वरही जाऊ शकतो. बॅण्ड कमी करून परतावा मिळवून देतो असे सांगून बँकेचा तपशील मागणाऱ्या फोनला किंवा संदेशाला अजिबात उत्तर देऊ नये.

घर सोडताना कौन्सिलला नवा पत्ता आणि कराराची शेवटची तारीख कळवावी. त्या तारखेपर्यंतचा हिशेब करून कौन्सिल अखेरचे बिल पाठवते, आणि दहा हप्त्यांमुळे आपण दर महिन्याला थोडे आगाऊ भरत आलेलो असल्याने त्यात बरेचदा काही रक्कम परत मिळायची निघते. ती बँक खात्यावर पाठवण्याची मागणी करावी.